विश्लेषण : ‘लास्ट सीन’ इ. स. १०८! रोमची पाच हजार सैनिकांची नववी लीजन गेली कुठे?

इंग्लंडमधील यॉर्क शहरात एकोणिसाव्या शतकात एक मोडका शिलालेख सापडला. सम्राट ट्रेजनच्या कारकीर्दीत, इसवी सन १०७ ते १०८ दरम्यान, लष्करी छावणीचे प्रवेशद्वार बांधून पूर्ण केल्याची ती नोंद आहे. काम करणाऱ्या फौजेचे नाव आहे, नववी हिस्पाना लीजन. या फौजेची तारीख ठामपणे सांगता येईल अशी ही शेवटची नोंद. त्यानंतर साधारण साठ वर्षांनी साम्राज्यातील सगळ्या लीजनची यादी रोममध्ये दगडी स्तंभावर कोरली गेली, तेव्हा त्यात नववीचे नाव नव्हते. सुमारे पाच हजार सैनिकांची एक नावाजलेली फौज दोन दगडांच्या मधल्या काळात नाहीशी झाली. ती स्कॉटलंडच्या धुक्यात कापली गेली, ही गोष्ट कादंबऱ्या आणि सिनेमांनी घरोघरी पोहोचवली. गेल्या काही दशकांत हाती आलेले पुरावे मात्र या गोष्टीला सरळ साथ देत नाहीत. नेमके काय सापडले आहे आणि त्यातून काय सिद्ध होते?

लीजन म्हणजे काय?

लीजन ही रोमन लष्कराची कणा असलेली तुकडी. आजच्या रेजिमेंटसारखे तिला स्वतःचे नाव, क्रमांक, इतिहास आणि अभिमान असे. साधारण पाच हजार शस्त्रसज्ज पायदळ, सगळे रोमन नागरिक, वीस-पंचवीस वर्षांची नोकरी. प्रत्येक लीजनचे मानचिन्ह म्हणजे गरुड. हा गरुड शत्रूच्या हाती लागणे यापेक्षा मोठी नामुष्की नव्हती. दुसऱ्या शतकात साम्राज्याकडे अशा साधारण तीसच लीजन होत्या. स्कॉटलंडच्या सीमेपासून इजिप्तपर्यंतचा पसारा एवढ्यांच्या जोरावर सांभाळला जाई. त्यामुळे एक लीजन जाणे म्हणजे मुख्य फौजेचा तिसावा हिस्सा एका फटक्यात जाणे.

नववीचा लौकिक काय होता?

तिची मुळे ज्युलियस सीझरच्या नवव्या लीजनपर्यंत नेली जातात. पुढे ऑगस्टसच्या काळात स्पेनमधील मोहिमांमुळे तिला ‘हिस्पाना’ हे नाव मिळाले. इ. स. १४ मध्ये ऑगस्टसचा मृत्यू झाला तेव्हा ती डॅन्यूब नदीच्या परिसरातील पॅनोनिया प्रांतात होती. तिथे अपुरा पगार आणि न संपणारी नोकरी यांना कंटाळून तीन लीजननी बंड केले. एका सेंच्युरियनला म्हणजे शंभराच्या तुकडीच्या नायकाला मारावे की सोडावे, यावरून आठवी आणि पंधरावी लीजन एकमेकींवर तलवारी उपसायच्या बेतात होत्या. इतिहासकार टॅसिटस सांगतो की, तेव्हा नववीच्या सैनिकांनी मध्ये पडून, थोडी विनवणी आणि थोडा दम देऊन हे भांडण मिटवले. काही दिवसांत चंद्रग्रहण झाले, सैनिक घाबरले आणि बंडही ओसरले.

इ. स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसने ब्रिटनवर स्वारी केली. नववी त्या फौजेतून तिथे गेली असे मानले जाते. ब्रिटनमध्ये तिच्या वाट्याला दोन मोठे तडाखे आले. पहिला इ. स. ६० ते ६१ मधला. इसेनी जमातीची राणी बूडिका हिने बंड पुकारले आणि आजचे कोलचेस्टर म्हणजे तेव्हाचे कॅमुलोडुनम जाळले. मदतीला धावलेल्या नववीला बंडखोरांनी वाटेतच गाठले. पायदळ मारले गेले. सेनापती पेटिलियस सेरिआलिस घोडदळासह कसाबसा छावणीत परतला. ही भर काढायला जर्मनीतून दोन हजार सैनिक पाठवावे लागले. विशेष म्हणजे हाच सेरिआलिस दहा वर्षांनी ब्रिटनचा गव्हर्नर होऊन परत आला आणि याच नववीला घेऊन त्याने यॉर्कची छावणी उभारली.

दुसरा तडाखा स्कॉटलंडमधला. इ. स. ८० च्या दशकाच्या सुरुवातीला गव्हर्नर अग्रिकोला उत्तरेकडे सरकत असताना कॅलेडोनियन टोळ्यांनी रात्री नववीच्या छावणीवर हल्ला केला. मोहिमेतील सगळ्यात कमजोर तुकडी म्हणून त्यांनी मुद्दाम तिलाच निवडले होते. पहारेकरी मारले गेले, झोपेतल्या छावणीत शत्रू घुसला. पहाटे अग्रिकोलाची कुमक मागून आली म्हणून लीजन वाचली. ‘नववी उत्तरेच्या अंधारात संपली’ या दंतकथेचे बीज बहुधा याच खऱ्या रात्रीत आहे. फरक इतकाच की, त्या रात्री ती संपली नव्हती.

एवढी फौज नोंदीशिवाय गायब होऊ शकते?

हा प्रश्न स्वाभाविक आहे, कारण रोमन लष्कराला लिहून ठेवण्याची जवळजवळ खोडच होती. यॉर्कशायर म्युझियममध्ये नववीच्या लुशियस दुच्चियस रुफिनस या सैनिकाचा समाधीदगड आहे. तो आजच्या फ्रान्समधील व्हिएन गावचा, वय २८, हुद्दा ध्वजवाहक. दगडावर तो पूर्ण उंचीचा कोरला आहे. एका हातात तुकडीचे निशाण आणि दुसऱ्या हातात लिहिण्याच्या पाट्यांची पेटी. ध्वजवाहकाकडे सैनिकांच्या बचतीचा हिशेबही असे, म्हणून ही पेटी. नववीच्या एखाद्या माणसाला आज आपण बघू शकतो तो असा, हिशेबाच्या दप्तरासकट.

ही दप्तरे कशी होती हे विंडोलांडा येथील उत्खननातून कळते. उत्तर इंग्लंडमधील या ठाण्याच्या ओलसर, हवाबंद थरांमध्ये १९७३ पासून शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडत आहेत. त्यातील एक म्हणजे तुंग्रियन पलटणीचा हजेरीपट. एकूण सैनिक ७५२. बाहेरगावी ४५६, त्यातले ४६ गव्हर्नरच्या पहाऱ्यावर. हजर २९६. पैकी १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. बाकी २६५ कामाला ठीक.

डोळे आलेल्या दहा जणांची नोंद ठेवणारे लष्कर पाच हजार जणांचे काय झाले हे लिहिणार नाही, असे शक्य नाही. ते लिहिले गेलेच असणार. पण लाकूड कुजते, पपायरस जळतो. विंडोलांडाच्या पट्ट्या वाचल्या त्या केवळ तिथल्या मातीमुळे. आपल्यापर्यंत पोहोचते ते मुख्यतः दगडावरचे, विटांवरचे आणि धातूवरचे. म्हणजे मूळ डेटाबेस उडालेला आणि हाती फक्त इकडेतिकडे विखुरलेले स्क्रीनशॉट, अशी ही अवस्था आहे.

इतिहासाच्या पुस्तकांत काही नाही?

इथे नशिबाने अभ्यासकांना दगा दिला आहे. टॅसिटसचा तपशीलवार इतिहास इ. स. ९६ पर्यंत येऊन थांबतो. पुढच्या काळासाठी मोठा आधार कॅसियस डिओ या इतिहासकाराचा. पण त्याच्या ग्रंथाचे हे भाग मूळ स्वरूपात उरलेलेच नाहीत. आज आपण वाचतो तो झिफिलिनस नावाच्या बायझंटाईन भिक्षूने अकराव्या शतकात केलेला संक्षेप. त्यातही सम्राट अँटोनायनस पायसच्या म्हणजे इ. स. १३८ ते १६१ या काळाचा भाग झिफिलिनसलाच मिळाला नव्हता. नववीच्या शोधात जी पाने हवीत, नेमकी तीच गहाळ आहेत.

त्यामुळे ‘रोमने लाजेखातर नाव पुसून टाकले’ हा लोकप्रिय दावा जपूनच घ्यायला हवा. रोमन लेखक पराभव लपवत नसत. इ. स. ९ मध्ये जर्मनीच्या जंगलात सेनापती व्हेरसच्या १७, १८ आणि १९ या तीन लीजन कापल्या गेल्या. ते क्रमांक पुन्हा कधी वापरले गेले नाहीत, पण त्या पराभवाची हकीकत एकाहून अधिक लेखकांनी सविस्तर लिहून ठेवली आहे.

स्कॉटलंडची गोष्ट आली कुठून?

ती आधी कादंबरीकाराने नाही, तर एका गंभीर इतिहासकाराने मांडली. रोमन इतिहासाचे जर्मन पंडित आणि १९०२ चे साहित्याचे नोबेल विजेते थिओडोर मोम्सेन यांनी एकोणिसाव्या शतकात अंदाज बांधला की, सम्राट हेड्रियनच्या सुरुवातीच्या काळात उत्तर ब्रिटनमधील ब्रिगँटीस जमातीने बंड करून नववीचा फडशा पाडला असावा. तेव्हा हाती असलेल्या पुराव्यांत हा अंदाज चोख बसत होता. इ. स. १०८ मध्ये नववी यॉर्कला होती. इ. स. १२२ च्या सुमारास तिथे सहावी व्हिक्ट्रिक्स लीजन आली. मग मधल्या चौदा वर्षांत नववी संपली, असा हा हिशेब होता.

यावर १९५४ मध्ये इंग्लिश लेखिका रोझमेरी सटक्लिफ यांनी ‘द ईगल ऑफ द नाइन्थ’ ही कादंबरी लिहिली. बेपत्ता लीजनमधील अधिकाऱ्याचा मुलगा हरवलेला गरुड शोधायला भिंतीपलीकडे जातो, असे तिचे कथानक. सिल्चेस्टरच्या उत्खननात १८६६ मध्ये सापडलेला कांस्याचा गरुड हे या कादंबरीमागचे दुसरे बीज. रेडिंग म्युझियममधला हा गरुड देखणा आहे, पण तो लीजनचा नव्हे, एखाद्या मोठ्या पुतळ्याचा भाग असावा असे आता मानले जाते. पुढे २०१० मध्ये ‘सेंच्युरियन’ आणि २०११ मध्ये ‘द ईगल’ हे चित्रपट आले आणि एका इतिहासकाराचा अंदाज जवळजवळ वस्तुस्थिती म्हणून रुजला.

मोबाइलवर अधूनमधून फिरणारी ‘हरवलेली रोमन लीजन चीनमध्ये सापडली’ ही गोष्ट याच्याशी जोडू नये. ती इ. स. पूर्व ५३ मधील कार्ऱ्हीच्या लढाईत पार्थियनांनी पकडलेल्या रोमन कैद्यांबद्दल आहे. हे कैदी पुढे चीनमधील लिचियान गावी वसले, अशी कल्पना होमर डब्स या प्राध्यापकांनी १९५० च्या दशकात मांडली होती. तिथल्या पुरुषांच्या वाय गुणसूत्रांवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तिला दुजोरा दिला नाही. नववीचा काळ त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी येतो.

नेदरलँड्समध्ये काय सापडले?

मोम्सेनच्या हिशेबाला तडा गेला तो नेदरलँड्समधील नायमेखेन शहरात. ऱ्हाइन सीमेवरच्या तिथल्या रोमन छावणीच्या जागेवर नववी लीजनचा शिक्का असलेली कौले मिळाली. लीजन स्वतःच विटा-कौले भाजत आणि ओल्या मातीवर आपला शिक्का मारत, म्हणून असा शिक्का म्हणजे लोकेशनचा चांगला पुरावा. शहराजवळच चांदीचा मुलामा दिलेले कांस्याचे एक लहानसे पदकही मिळाले, त्यावर नववी हिस्पानाचे नाव आहे. शिवाय जर्मनीतील आखेन इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या परिसरात अपोलो देवाला वाहिलेली वेदी आहे. ती वाहणारा लुशियस लॅटिनियस मॅसर हा नववीच्या छावणीचा प्रीफेक्ट, म्हणजे लीजनमधला अगदी वरच्या फळीतला अधिकारी. नवस फेडायला आलेला.

म्हणजे नववी ब्रिटन सोडून ऱ्हाइनवर गेली होती? अनेक अभ्यासक ‘हो’ म्हणतात. इ. स. १०४ च्या सुमारास नायमेखेनची जुनी लीजन हलवली गेली होती, तेव्हा जागाही रिकामी होती. हे मान्य केले तर यॉर्कमधून नववीचे जाणे म्हणजे साधी बदली ठरते. गूढ वगैरे काही उरत नाही, ते फक्त पुढे सरकते.

पण इथे एक मेख आहे. लीजन पूर्ण हलायची गरज नसे, तिची एखादी तुकडी दुसरीकडे पाठवली जाई. इ. स. ८३ च्या सुमारास नववीची अशी तुकडी जर्मनीतील मोहिमेवर गेली होती, हे एका अधिकाऱ्याच्या शिलालेखातून नक्की कळते. त्यामुळे ही कौले त्या आधीच्या तुकडीची असतील, अशी शंका विरोधी बाजू काढते. मॅसरसारखा वरिष्ठ अधिकारी तुकडीबरोबर कशाला जाईल, हा त्यावरचा प्रतिप्रश्न. कौलावर तारीख नसते, त्यामुळे हा वाद कौलांच्या बळावर मिटत नाही.

मग अधिकाऱ्यांचे ‘सीव्ही’ कामी आले

रोमन उमराव आपल्या कारकीर्दीची पूर्ण जंत्री दगडावर कोरून घेत. कुठल्या लीजनमध्ये होतो, कुठे गव्हर्नर झालो, कधी कॉन्सल. एका अर्थी दगडी लिंक्डइनच. त्यातल्या काही जंत्र्यांमध्ये नववी हिस्पाना आहे आणि इथेच हिशेब रंजक होतो.

लुशियस नोव्हियस क्रिस्पिनस हा इ. स. १५० मध्ये कॉन्सल झाला. तरुणपणी तो नववी हिस्पानाचा ट्रिब्यून होता. उमराव घरातली मुले साधारण विशीत ट्रिब्यून होत आणि चाळिशीच्या आसपास कॉन्सल. म्हणजे १५० मधून वीसएक वर्षे वजा करायची. उत्तर येते इ. स. १३० च्या आगेमागे. लुशियस एमिलियस कारस हा इ. स. १४२ ते १४३ मध्ये अरेबिया प्रांताचा गव्हर्नर होता. तोही आधी नववीचा ट्रिब्यून होता. त्याचे उत्तर १२० च्या दशकात जाते.

ही आकडेमोड बरोबर असेल तर इ. स. १२० नंतरही नववी जिवंत होती. मोम्सेनच्या हिशेबातली चौदा वर्षांची खिडकी मग बंद होते. अर्थात कारकिर्दी घड्याळ लावून चालत नाहीत. एखाद्याची बढती दहा वर्षे रखडली असेल तर तारीख तितकीच मागे जाईल. पण दोन वेगळ्या माणसांच्या, वेगळ्या ठिकाणच्या दगडांवरून गणित एकाच दशकाच्या जवळपास येते, याला वजन द्यावेच लागते. या सगळ्या प्रकरणात सर्वात मजबूत पुरावा कोणता असे विचारले, तर तो तलवारी-ढालींचा नाही, या दोन नोकरीच्या नोंदींचा आहे.

म्हणजे ब्रिटनचा मुद्दा निकालात निघाला?

नाही. उलट ब्रिटनची बाजू मांडणारे अभ्यासक अजून ठाम आहेत. बोर्नमथ विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ माइल्स रसेल हे त्यातले एक. २०२१ मध्ये निक हॉजसन यांनी ‘ब्रिटानिया’ या संशोधन पत्रिकेत नववीचा शेवट, ब्रिटनमधील युद्ध आणि हेड्रियनची भिंत या तिन्हींचा एकत्र विचार मांडला.

त्यांच्या बाजूनेही भक्कम गोष्टी आहेत. हेड्रियन इ. स. ११७ मध्ये गादीवर आला तेव्हा ब्रिटन ताब्यात राहत नव्हते, असे त्याचे प्राचीन चरित्र सांगते. सम्राट मार्कस ऑरेलियसचे गुरू फ्रोंटो यांनी इ. स. १६२ मध्ये त्याला सांत्वनाचे पत्र लिहिले. त्यात त्यांनी हेड्रियनच्या काळात ज्यूंनी आणि ब्रिटनांनी किती रोमन सैनिक मारले होते याची आठवण करून दिली आहे. चाळीस वर्षांनीही आठवावी इतकी ती हानी होती. पाँटियस सॅबिनस या अधिकाऱ्याचा शिलालेख तर थेट आकडा देतो. हेड्रियनच्या ब्रिटन मोहिमेसाठी तीन वेगवेगळ्या लीजनमधून प्रत्येकी एक हजार सैनिक त्याच्या हाताखाली धाडले होते. तीन हजारांची कुमक उगाच कोणी समुद्रापार पाठवत नाही.

आणि भिंत. हेड्रियनने इ. स. १२२ मध्ये ब्रिटनला भेट दिली आणि त्याच सुमारास उत्तर इंग्लंडमध्ये किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत सुमारे ११७ किलोमीटरची भिंत उभी राहू लागली. भिंतीच्या कोणत्या भागाचे काम कोणी केले याचे दगड सापडतात. त्यावर दुसरी, सहावी आणि विसावी लीजन आहे. नववी नाही. चौदा वर्षांपूर्वी यॉर्कचे दार बांधणारी फौज ब्रिटनच्या सर्वात मोठ्या बांधकामावर दिसत नाही, म्हणजे एक तर ती तोवर ब्रिटनमध्ये नव्हती किंवा नव्हतीच.

या वादात पणाला लागले आहे ते इथेच. नववी ब्रिटनमध्ये मारली गेली असेल, तर हेड्रियनची भिंत ही एका मोठ्या दणक्यानंतर घेतलेली माघार ठरते. लीजनची साधी बदली झाली असेल, तर तीच भिंत एका शांत डोक्याच्या सम्राटाने आखलेली सीमारेषा ठरते. दगड तेच, भिंत तीच. पण रोमला ब्रिटनमध्ये भीती वाटली होती की नाही, याचे उत्तर एका बेपत्ता फौजेवर अवलंबून आहे.

यादीतून नाव कधी गेले?

रोममधील स्तंभावरची यादी मार्कस ऑरेलियसच्या काळातली म्हणजे इ. स. १६१ ते १८० दरम्यानची. मूळ नावे २८, नंतर स्थापन झालेल्या लीजन शेवटी जोडलेल्या. क्रम भौगोलिक. सुरुवात ब्रिटनपासून, तिथे तीन लीजन, मग ऱ्हाइन, मग डॅन्यूब, असे करत पूर्वेकडे. नववी हिस्पाना कुठेच नाही. तिच्यासोबत आणखी एक नाव नाही, इजिप्तमध्ये असलेल्या बाविसाव्या डेओटारियाना लीजनचे. बेपत्ता एक नाही, दोन आहेत. बाविसावीवर कादंबरी झाली नाही एवढेच.

या दोघींसाठी पूर्वेकडे दोन मोठ्या आपत्ती उपलब्ध आहेत. पहिली, ज्युडियातील बार कोखबाचे बंड, इ. स. १३२ ते १३६. रोमनांची हानी इतकी झाली की, हेड्रियनने सीनेटला लिहिलेल्या पत्रात ‘मी आणि फौजा खुशाल आहोत’ या अर्थाचा नेहमीचा मायना गाळला, असे डिओ सांगतो. बाविसावी इथे संपली असावी, असा अनेकांचा कयास आहे.

दुसरी, इ. स. १६१ मधली आर्मेनियातील इलेजियाची लढाई. कॅपाडोशियाचा गव्हर्नर सेडेशियस सेव्हेरिएनस पार्थियनांवर चालून गेला. अबोनुटायकसचा अलेक्झांडर नावाचा एक भविष्यवेत्ता त्याला ‘विजय तुझाच’ असे सांगून बसला होता. पार्थियनांनी त्याला घेरले, बाणांचा पाऊस पाडला आणि डिओच्या शब्दाप्रमाणे अख्खी लीजन संपवली. लुशन हा लेखक पुढचा किस्सा देतो. भविष्यवेत्त्याने नंतर आपल्या दप्तरातून जुनी भविष्यवाणी काढून ‘जाऊ नकोस’ अशी नवी घातली.

डिओ या लीजनचे नाव देत नाही. पण कॅपाडोशियात कायम तैनात असलेल्या बाराव्या आणि पंधराव्या लीजन नंतरच्या यादीत सुखरूप आहेत. म्हणजे इलेजियात मेलेली लीजन तिसरीच कोणती तरी होती. यादीतून गहाळ नावे दोनच. बाविसावी ज्युडियात गेली असे धरले तर उरते नववी. तर्क नेटका आहे. अडचण एकच, पण मोठी. नववी आर्मेनियाच्या जवळपास कधी होती, हे दाखवणारा एकही दगड, कौल किंवा पदक नाही.

पुढे काय?

एक तारीख असलेला दगड हे सगळे पारडे फिरवू शकतो. नायमेखेनला इ. स. १२० नंतरची तारीख आणि नववीचे नाव एकत्र मिळाले, तर ब्रिटनचा दावा संपेल. कॅपाडोशियात नववीच्या एखाद्या सैनिकाचा समाधीदगड मिळाला, तर इलेजियाचा दावा वर येईल. सैनिक मरत, निवृत्त होत, नवस फेडत आणि प्रत्येक वेळी युनिटचे नाव कोरून घेत, त्यामुळे ही अपेक्षा वेडगळ नाही.

यॉर्कमध्येही बरेच काही अजून जमिनीखाली आहे, कारण छावणीवरच शहर वसले. १९६० च्या दशकात यॉर्क मिन्स्टर या भव्य चर्चच्या मध्यवर्ती मनोऱ्याचा पाया धोक्यात आल्याचे इंजिनीअरांच्या लक्षात आले. मजबुतीकरणासाठी १९६७ ते १९७२ दरम्यान खाली खणले गेले, तेव्हा मनोऱ्याच्या बरोबर खाली रोमन लीजनचे मुख्यालय निघाले. त्यातला एक दगडी खांब आता चर्चसमोर उभा केला आहे. नववीच्या नावाचा तो मोडका शिलालेख आणि दुच्चियस रुफिनसचा समाधीदगड मात्र तिथून थोड्याच अंतरावर यॉर्कशायर म्युझियममध्ये आहेत.